वैद्यकीय हयगयीचे दावे आणि वकिलाची पूर्वतयारी

दुर्ग जिल्ह्यातील भिलाई येथे सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. कारखान्याबरोबर एक संबंध नगर वसले, आणि त्या नगरातील घरे, शाळा, रस्ते व रुग्णालय यांची व्यवस्था कारखान्यानेच पाहावी असा प्रघात पडला. सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय हे या व्यवस्थेचे एक प्रमुख अंग होय. भट्टीपाशी भाजलेला कामगार तेथेच नेला जातो, त्याच्या पत्नीचे बाळंतपणही बहुधा तेथेच होते. अशा नगरात एखाद्या कुटुंबाला उपचारांत हयगय झाल्याची शंका आली, तर त्याच्यापुढे एक विचित्र अडचण उभी राहते. ज्याच्याविरुद्ध तक्रार करावयाची तोच त्याचा अन्नदाता असतो. आणि उपचारांचे बिल स्वतः भरलेले नसल्यामुळे आपणांस तक्रारीचा हक्क आहे की नाही, हेही त्याला ठाऊक नसते.

या दुसऱ्या शंकेचे कायद्याने दिलेले उत्तर पुढे येईल. परंतु त्या उत्तरापर्यंत पोहोचण्यापूर्वीच बहुतेक दावे जिंकले किंवा हरले गेलेले असतात, ही गोष्ट या क्षेत्रात नवख्या असलेल्या वकिलाच्या सहसा ध्यानात येत नाही. तो कलमे शोधू लागतो, नोटिशीचा मसुदा तयार करतो. आणि ज्या कागदांवर सारा दावा उभा राहावयाचा ते कागद तोपर्यंत रुग्णालयाच्या दप्तरातच पडून असतात.

शोकग्रस्त कुटुंब वकिलाकडे येते ते कायद्याचा प्रश्न घेऊन नव्हे. आपला माणूस चालत इस्पितळात गेला आणि परत आला नाही, असे का झाले, एवढेच त्यांना विचारावयाचे असते. वकिलाने आधी त्यांचे संपूर्ण बोलणे ऐकून घ्यावे आणि मग घरातील प्रत्येकाकडून तारीखवार टिपण लिहवून घ्यावे: कोणत्या दिवशी ताप आला, कोणाला दाखविले, डॉक्टर काय म्हणाले, त्या वेळी कोण जवळ होते. हे टिपण रुग्णालयाचे कागद पाहण्यापूर्वी लिहिलेले असावे, कारण कागद वाचल्यावर माणसाची आठवण नकळत कागदाप्रमाणे वळते.

रुग्ण दगावला म्हणजे डॉक्टर चुकला असे होत नाही, हे वकिलाने प्रथम स्वतःला आणि नंतर पक्षकाराला समजाविले पाहिजे. उपचाराच्या दोन मान्य पद्धतींपैकी डॉक्टरने एक निवडली आणि ती लागू पडली नाही, तर ती हयगय ठरत नाही. इंग्लंडमध्ये १९५७ साली बोलम खटल्यात न्यायमूर्ती मॅकनेअर यांनी ज्यूरीला सांगितलेली ही कसोटी भारतीय न्यायालयांनीही स्वीकारली आहे. डॉक्टरवर रुग्णाची जबाबदारी होती काय, ती पार पाडण्यात तो कमी पडला काय, आणि त्या कमतरतेमुळेच हानी झाली काय, असे तीन प्रश्न प्रत्येक दाव्यात असतात. यांपैकी तिसऱ्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. सर्पदंश झालेला रुग्ण सहा तास उशिरा आणला गेला असेल, तर डॉक्टरने आणखी अर्धा तास घालविल्याने काही फरक पडला काय? उत्तर नकारार्थी असेल, तर डॉक्टरची चूक सिद्ध होऊनही दावा फसू शकतो.

कारणाविषयी घाईने मत बनविण्याचा धोका छत्तीसगडमध्येच एका दुःखद घटनेने दिसून आला. बिलासपूरजवळ ८ नोव्हेंबर २०१४ रोजी भरलेल्या शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया करण्यात आल्या आणि पुढील काही दिवसांत त्यांपैकी अनेक जणी मृत्युमुखी पडल्या. शस्त्रक्रियेतील अस्वच्छतेमुळे झालेला जंतुसंसर्ग, की नंतर दिलेल्या गोळ्यांतील विषारी द्रव्य, यावर दीर्घकाळ वाद चालला. या दोहोंत प्रतिवादी निरनिराळे होतात: एकात शल्यचिकित्सक व आरोग्य खाते, दुसऱ्यात औषध बनविणारा व ते खरेदी करणारा. शवविच्छेदनाचा व रासायनिक पृथक्करणाचा अहवाल हाती येण्यापूर्वी तक्रारीत एकच कारण ठामपणे लिहून टाकणारा वकील आपल्याच पक्षकाराची वाट बंद करतो.

मराठी वाचकाला जवळचे वाटतील असे दोन खटले या विषयाचे बहुतेक सर्व धडे देतात. पहिला पुण्याचा. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर सुमारे वीस वर्षांच्या एका तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. स्थानिक डॉक्टरने फळ्या बांधून दिल्यावर त्याला टॅक्सीने सुमारे २०० मैलांचा प्रवास करून पुण्यास आणण्यात आले. ९ मे रोजी सकाळी तो रुग्णालयात पोहोचला आणि त्याच दिवशी रात्री मरण पावला. त्याचे वडील स्वतः डॉक्टर होते. त्यांचे म्हणणे असे की, प्रवासाने थकलेल्या मुलाला पुरेशी भूल न देता, माणसांकरवी जोर लावून पाय ओढण्यात आला व तो प्लास्टरमध्ये घालण्यात आला. त्या धक्क्याने मृत्यू ओढवला. मृत्यूच्या दाखल्यात मात्र रक्तात चरबीचे कण जाऊन झालेला अवरोध हे कारण दिले होते. तिन्ही न्यायालयांनी वडिलांची बाजू ग्राह्य मानली. ‘डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध डॉ. त्रिंबक बापू गोडबोले’ या नावाने ओळखला जाणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २ मे १९६८ रोजी लागला. भरपाईची रक्कम होती ३,००० रुपये.

या निकालात न्यायालयाने डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली. रुग्णाला हाती घ्यावे की नाही हे ठरविताना काळजी घेणे, कोणता उपचार द्यावा हे ठरविताना काळजी घेणे, आणि तो उपचार प्रत्यक्ष देताना काळजी घेणे. हे वर्गीकरण वकिलाला केवळ युक्तिवादात नव्हे, तर कागद जमविताना उपयोगी पडते. पहिल्या कर्तव्याचा पुरावा दाखल करतेवेळच्या नोंदीत असतो: त्या रुग्णालयात आवश्यक साधने व तज्ज्ञ होते काय, नसल्यास रुग्णाला वेळीच अन्यत्र पाठविले काय. दुसऱ्याचा पुरावा तपासण्या, एक्स-रे व निदानाच्या टिपणात सापडतो. तिसऱ्यासाठी शस्त्रक्रियेची टिपणे, भूलतज्ज्ञाचा तक्ता आणि परिचारिकांच्या नोंदी पाहाव्या लागतात.

दुसरा खटला औरंगाबादचा. जुलै १९६३ मध्ये तेथील सरकारी रुग्णालयात बाळंतपणानंतर एका स्त्रीवर नसबंदीची शस्त्रक्रिया झाली. तिला ताप आला, पोटात असह्य वेदना सुरू झाल्या. सहा दिवसांनी पोट पुन्हा उघडले तेव्हा आत कापडाचा बोळा राहून गेलेला आढळला. २४ जुलै रोजी ती मरण पावली. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपयांची भरपाई मंजूर केली, उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारी १९९६ रोजी, म्हणजे मृत्यूनंतर बत्तीस वर्षांनी, तो पुन्हा कायम केला. ‘अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. रुग्णालय चालविणे हे राज्याचे सार्वभौम कार्य नसल्यामुळे सरकारला त्या सबबीखाली जबाबदारी टाळता येत नाही. तसेच पोटात बोळा राहणे ही घटना स्वतःच बोलकी असते. तो कोणाच्या हातून राहिला हे वादीने दाखवून देण्याची गरज नाही. मात्र वकिलाने या तत्त्वावर फार विसंबू नये. चुकीचा पाय कापला, विरुद्ध गटाचे रक्त दिले, पोटात उपकरण राहिले, अशा मोजक्याच प्रसंगी ते उपयोगी पडते. बाकीच्या सर्व दाव्यांत पुरावा हा जमवावाच लागतो.

तो कसा जमवावयाचा? भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णाची कागदपत्रे डॉक्टरने तीन वर्षे जतन केली पाहिजेत आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यास ७२ तासांत दिली पाहिजेत. त्यापूर्वीच, १९९६ साली, मुंबई उच्च न्यायालयाने रघुनाथ रहेजा यांच्या याचिकेत रुग्णाचा हा हक्क मान्य केला होता. म्हणून वकिलाचे पहिले पत्र हे नुकसानभरपाईची मागणी करणारे नसावे. ते साधे, नम्र आणि केवळ कागदांची मागणी करणारे असावे; त्यावर रुग्णाची किंवा वारसाची सही असावी आणि पोच घेतलेली असावी. धमकीची नोटीस आधी गेली की कागद उशिरा येतात, आणि कधी कधी ते पुन्हा लिहिलेले असतात. भिलाईच्या रुग्णालयासारख्या सार्वजनिक क्षेत्रातील संस्थेच्या बाबतीत २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा आणखी एक मार्ग उपलब्ध आहे, कारण असा उपक्रम त्या कायद्याखाली सार्वजनिक प्राधिकरण ठरतो. तेथे सामान्यतः ३० दिवसांची मुदत असते.

कागद आल्यावर ते नुसते वाचून भागत नाही; ते एकमेकांशी ताडून पाहावे लागतात. डॉक्टरच्या टिपणात रात्री अकरा वाजता रुग्ण तपासल्याची नोंद असेल आणि परिचारिकेच्या तक्त्यात त्याच वेळी ‘डॉक्टरांना कळविले, वाट पाहत आहे’ असे असेल, तर दाव्याचा गाभा तेथे आहे. औषधांचा तक्ता आणि औषधांच्या दुकानाची बिले जुळतात काय? रक्तदाबाची नोंद दर तासाला सारख्याच अक्षरात, सारख्याच शाईने आणि एका बैठकीत लिहिल्यासारखी दिसते काय? संगणकावरील नोंदी असतील, तर न्यायालयात त्या दाखल करताना २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे लागते, याचा विसर पडू नये. परिचारिकांच्या नोंदी हे या कागदांतील सर्वांत उपेक्षित आणि बहुधा सर्वांत सच्चे पान असते; त्या बाई कोणाचा बचाव करण्यासाठी लिहीत नसतात, पुढच्या पाळीच्या बाईसाठी लिहीत असतात.

संमतिपत्रकही बारकाईने वाचावे. तपासणीसाठी घेतलेल्या संमतीच्या आधारे, रुग्ण स्त्री भुलेखाली असताना तिच्या आईची परवानगी घेऊन गर्भाशय काढून टाकण्यात आले, अशा समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली ती संमती अवैध ठरविली. शस्त्रक्रिया कौशल्याने झाली होती की नाही, हा तेथे निर्णायक प्रश्न नव्हता.

या टप्प्यावर तज्ज्ञाची गरज लागते. एकाच कारखान्याच्या नगरात, एकमेकांना रोज भेटणाऱ्या डॉक्टरांकडून परस्परांविरुद्ध मत मिळेल अशी अपेक्षा बाळगणे वाजवी नव्हे. भिलाईच्या वकिलाने कागदांची प्रत रायपूर, नागपूर किंवा त्याहून दूरच्या शिक्षण-रुग्णालयातील त्याच विषयाच्या अध्यापकाकडे न्यावी, आणि त्याला ‘हयगय झाली काय’ असे विचारू नये. या परिस्थितीत साधारण कुशल डॉक्टरने कोणत्या वेळी काय केले असते, असे विचारावे. डॉक्टरचे मत प्रतिकूल आले तर तेही पक्षकाराला प्रामाणिकपणे सांगावे. वकिलाने नाकारलेला खोटा दावा त्या कुटुंबाची अनेक वर्षे वाचवितो. प्रत्येक तक्रारीत तज्ज्ञाचे मत आणलेच पाहिजे असे मात्र नाही. हिवतापाच्या रुग्णावर विषमज्वराचे उपचार झाल्याच्या व्ही. किशन राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये असा सरसकट नियम अमान्य केला.

आता भिलाईच्या मूळ शंकेकडे वळता येईल. ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या १३ नोव्हेंबर १९९५ च्या निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आली. जेथे प्रत्येकावर विनामूल्य उपचार होतात असे सरकारी वा धर्मादाय रुग्णालय त्यातून वगळले गेले. केसपेपरसाठी घेतलेल्या नाममात्र शुल्काने त्यात फरक पडत नाही. परंतु नोकरीच्या अटींचा भाग म्हणून मालक जेथे कामगाराच्या व त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांच्या उपचारांचा खर्च सोसतो, तेथील सेवा विनामूल्य मानता येणार नाही, असे न्यायालयाने त्याच निकालात स्पष्ट केले. मध्य रेल्वेच्या कर्मचाऱ्याने पत्नीच्या उपचारांबाबत केलेल्या तक्रारीत, म्हणजे लक्ष्मण थमप्पा कोटगिरी खटल्यात, हेच तत्त्व मालकाच्या स्वतःच्या रुग्णालयालाही लागू करण्यात आले. पोलाद कारखान्याच्या कामगाराचे बिल शून्य असले, तरी ते त्याच्या श्रमातून आधीच चुकते झालेले असते, असा याचा सरळ अर्थ होय.

२०१९ च्या नव्या ग्राहक कायद्यानेही ही स्थिती बदलली नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी करतो तेथेही ती दाखल करता येते. त्यामुळे रुग्णाला भिलाईहून नागपूरला हलविले असेल आणि चूक तेथे घडली असेल, तरी कुटुंबाला दुर्गच्या जिल्हा आयोगात दाद मागता येते. कोणत्या आयोगाकडे जावयाचे हे मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर सेवेच्या मोबदल्यावर ठरते. (वकिलाची स्वतःची सेवा मात्र या कायद्याखाली येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला, डॉक्टरांना तो फारसा रुचला नसावा.)

पोलिसात फिर्याद देण्याचा आग्रह पक्षकार हटकून धरतो. त्याला आवर घालणे हे वकिलाचे काम आहे. ‘जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य’ या ५ ऑगस्ट २००५ च्या निकालानुसार फौजदारी जबाबदारीसाठी हयगय घोर स्वरूपाची असावी लागते, आणि दुसऱ्या सक्षम डॉक्टरचे मत आधी घेतल्याशिवाय खटला चालवू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये डॉक्टरसाठी शिक्षेची मर्यादा दोन वर्षे ठेवली आहे. फौजदारी खटला फसला, तर त्या निर्दोष सुटकेचे सावट दिवाणी दाव्यावरही पडते.

भरपाईची रक्कम मांडताना वकिलाने रुग्णाचे शरीर नव्हे, तर त्याचे जीवन मोजावे. हा धडा वैद्यकीय दाव्यांपेक्षा अपघातांच्या दाव्यांतून अधिक मिळतो, आणि भिलाईला तो जवळचा आहे. १२ जून २०१४ रोजी कारखान्यात विषारी वायूच्या गळतीने सहा जणांचा बळी घेतला. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक भट्टीच्या भागात वायुवाहिनीच्या स्फोटात अनेक कामगार भाजून मरण पावले. कामावर असताना झालेल्या अपघातात मालकाची हयगय सिद्ध करावी लागत नाही, हे १९२३ च्या कायद्याने घालून दिलेले तत्त्व २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. वाद होतो तो रकमेवर. १९७५ मध्ये प्रतापनारायण सिंह देव खटल्यात डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या सुताराचे अपंगत्व सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण मानले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात हाच विचार विस्ताराने आला: डाव्या हाताच्या नुकसानीची वैद्यकीय टक्केवारी साठ असली, तरी वाहनचालकाची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते, तर कचेरीतील कारकुनाची नोकरी टिकू शकते.

म्हणून भट्टीवरील कामगाराच्या दाव्यात अपंगत्वाचा दाखला जोडून थांबू नये. तो कोणत्या विभागात होता, पाळी कोणती होती, तेथे किती वजन उचलावे लागे, किती उष्णतेत उभे राहावे लागे, जादा कामाचे किती मिळत असे, याचा पुरावा सहकाऱ्यांच्या साक्षीने आणि वेतनचिठ्ठ्यांनी द्यावा. भाजलेल्या माणसाला पुढे किती शस्त्रक्रिया लागतील आणि त्याची शुश्रूषा करण्यासाठी घरातील कोणी काम सोडले, हेही आकड्यांत मांडावे. ठेकेदाराकडील मजुराची अडचण याहून मोठी असते: त्याच्याजवळ वेतनचिठ्ठी नसते आणि अपघातानंतर ठेकेदार त्याला ओळखही देत नाही. अशा वेळी फाटकावरील प्रवेशपत्र, हजेरीपट आणि रुग्णालयातील दाखल नोंदीत लिहिलेले ठेकेदाराचे नाव हेच त्याचे आधार. ही नोंद पहिल्याच दिवशी योग्य लिहिली गेली आहे ना, हे पाहण्यासाठी वकिलाने स्वतः वॉर्डात जाणे चांगले. रस्त्यावरील अपघातात मात्र दावा न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांच्या आत दाखल करण्याची शिस्त पाळावी.

राहता राहिला फीचा प्रश्न. अमेरिकेत भरपाईचा हिस्सा घेऊन दावे चालविले जातात. भारतीय वकील परिषदेच्या नियमांनी तशा कराराला मनाई केली आहे. त्यामुळे गरीब पक्षकार वकिलापर्यंत पोहोचतच नाही, असे घडते. परंतु १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये स्त्रिया आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य कायदेशीर साहाय्याचा हक्क दिलेला आहे, आणि त्यासाठीचा अर्ज दुर्गच्या जिल्हा न्यायालयातील प्राधिकरणाकडे साध्या कागदावरही देता येतो.